पायातला फूटवॉल

परवा पहाटे मोटर नुसती गुरगुरत राहिली, पोफळींना पाणी काही चढेना. आमच्या ह्यांनी विहिरीत डोकावून निकाल दिला, "फूटवॉल गेला." पाइपाच्या तळाची ती झडप पाणी वर जाऊ देते, खाली परतू देत नाही. तिच्यात काडीकचरा अडकला तरी चढलेलं सगळं पाणी पुन्हा विहिरीत. ते ऐकताना माझं लक्ष आपलं डाव्या पोटरीकडे.

दोन वर्षं झाली, तिथं निळ्या शिरा गांडुळांसारख्या वर आल्यात. गुहागरात आमची छोटी खाणावळ आहे. मे महिन्यात सकाळी सहाला घावनं, दुपारी माशांची ताटं, सगळं एका जागी उभ्यानं. संध्याकाळी पाय सुजून चपलेच्या पट्ट्याचा वळ उमटतो. सासूबाईंचं निदान ठरलेलं, "उष्णता!" म्हणून महिनाभर सब्जा प्यायले. शेवटी चिपळूणला डॉपलर, म्हणजे शिरांतलं रक्त कसं वाहतं ते दाखवणारी सोनोग्राफी केली, तेव्हा कळलं की शिरांतल्या झडपा सैल झाल्यात.

हृदय मिनिटाला पाचेक लिटर रक्त ढकलतं, पण केसाहून बारीक वाहिन्यांतून ते शिरांत येईतो त्यातला बराचसा जोर ओसरलेला असतो. मग घोट्यापासून छातीपर्यंतचा चढ? तो पोटरीच्या जिवावर. पाऊल टाकलं की स्नायू आवळतो, आतली शीर पिळली जाते, रक्त वर सरकतं. स्नायू सैल पडला की झडप मिटते. नुसतं उभं राहिलं की ही मोटर बंद.

शिरांतल्या झडपा रक्त फक्त हृदयाकडेच जाऊ देतात, हे विल्यम हार्वी या इंग्रज डॉक्टरांनी १६२८ साली छापून दाखवलं, म्हणजे शिवरायांच्या जन्माच्या दोन वर्षं आधी! मीही लेकीची ओढणी दंडाला बांधून पाहिलं. हातावरची फुगलेली शीर एका बोटानं खाली दाबून धरली, दुसऱ्यानं कोपराकडे निपटली. मधला भाग रिकामाच राहिला, वरचं रक्त खाली उतरलं नाही. लेक म्हणाली, "आई, घावन करपतंय."

आता तव्यापुढे टाचा वरखाली करत असते. पाहुण्यांना वाटतं, ही नाचतेय. दुपारी पाय तांदळाच्या पोत्यावर. घट्ट मोजेही दिलेत, पण मेच्या घामात ते चढवणं म्हणजे शिक्षा आहे. एकच पाय अचानक सुजून दुखला तर मात्र आत रक्ताची गुठळी असू शकते, वाट बघत न बसता लगेच दवाखाना गाठायचा, हे डॉक्टरांनी दोनदा बजावलंय.

ह्यांनी बाजारातून नवा फूटवॉल आणून बसवला, दुपारी पाणी सुरू. माझ्या पायाला तसला सुटा भाग मिळत नाही. फार झालं तर लेझरनं ती शीरच बंद करतात, रक्त दुसऱ्या शिरांनी जातं. ते गणपतीनंतर बघू.