आमची वाटचाल : लासलगाव ते क्लांग

वडिलांनी लासलगाव बाजार समितीत व्यापारी परवाना काढला ते साल 1998. त्याच वर्षी दिल्ली विधानसभेची निवडणूक कांद्याच्या भावावर फिरली. "आपला माल मतपेटीला बांधलेला आहे, हे धरूनच धंदा कर," असं ते मला तेव्हापासून सांगत आले.

सुरुवातीची दहाएक वर्षं कलकत्ता, पाटणा. मग आयात-निर्यात कोड घेऊन मलेशियातल्या क्लांगला पहिला कंटेनर पाठवला. तिथल्या व्यापाऱ्यांना एका मापाचा माल लागायचा, जोड कांदा, म्हणजे दोन गड्डे जुळलेला, एकही चालायचा नाही. आमच्या खळ्यावरच्या, म्हणजे कांदा निवडून भरायच्या आवारातल्या, बायकांची निवडणी इतकी चोख, की तीन वर्षांनी ते नमुना न बघताच ऑर्डर देऊ लागले. आमची खरी कमाई ती.

सप्टेंबर 2019 आणि सप्टेंबर 2020, दोन्ही निर्यातबंद्यांत त्यांनी आमची वाट पाहिली. 2023 मध्ये मात्र ऑगस्टला 40 टक्के निर्यातशुल्क, ऑक्टोबरअखेर टनाला 800 डॉलर किमान निर्यातमूल्य आणि 8 डिसेंबरला पूर्ण बंदी. आमचे दोन कंटेनर त्या रात्री कसारा घाटात होते. उन्हाळ कांदा असता तर साठवणीच्या कांदाचाळीत ठेवला असता. लाल कांदा टिकत नाही. वाशीला मिळेल त्या भावात विकला. शेतकऱ्यांचे पैसे मात्र ठरल्या भावानेच चुकते केले, त्यासाठी घरातलं सोनं ठेवावं लागलं. क्लांगहून फोन आला. शेठ रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "दुकान रिकामं ठेवता येत नाही," आणि पाकिस्तानचा माल घेतला.

बंदी 4 मे 2024 ला उठली; आमच्याकडे लोकसभेचं मतदान 20 मे ला होतं. शुल्क शून्यावर यायला 1 एप्रिल 2025 उजाडलं. ग्राहकाला भाव हवाच असतो, पण पुढच्या महिन्यात माल येईल ही खात्री त्याहून जास्त हवी असते. ती देणं आमच्या हातात उरलं नव्हतं. बांगलादेशही आता आपल्या शेतकऱ्यांचं पीक बघून आयातीचे परवाने देतो-थांबवतो. त्यांचंही बरोबरच आहे.

आता आम्ही पंधरा दिवसांपलीकडचा सौदा करत नाही. खळ्यावर पुन्हा बावीस बायका आहेत. क्लांगच्या शेठनी यंदा एक कंटेनर घेतला. दर सोमवारी त्यांचा फोन येतो, भावाच्या आधी विचारतात, "तिकडे निवडणूक कधी आहे?"