कंपासपेटीतला गुण्या

लेकीची कंपासपेटी आवरताना कंपास नेमका गुण्यावर आडवा पडला आणि मला फोर्टातला फ्रीमेसन्स हॉल आठवला. फ्रीमेसन म्हणजे बंद दाराआड भेटणारी एक जुनी बंधुभावाची संघटना. त्या मंडळींचं चिन्ह हेच. खाली गुण्या, वर पाय फाकवून उभा कंपास. मेसन म्हणजे गवंडी. ओळंबा, पाणसळ, थापी, कमरेला पांढरा एप्रन, सगळा संसार बांधकामावरचा. वीट मात्र एकही रचायची नाही. १७१७ साली लंडनच्या एका दारूच्या गुत्त्यात चार लॉज (राहायचे नव्हेत, त्यांच्या शाखांना लॉज म्हणतात) एकत्र आले, तिथून हा कारभार रीतसर सुरू झाला. आपल्याकडे लोक त्यांच्या हॉलला ‘जादूघर’ म्हणत. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही तर कडी लावलेली!

बंद दाराआड काय चालतं याची चर्चला फार लवकर काळजी लागली. १७३८ मध्येच पोप बारावे क्लेमेंट यांनी कॅथलिकांना तिथे जायची मनाई केली. १८८४ मध्ये तेराव्या लिओंनी आणखी कडक पत्रक काढलं, आणि पुढच्याच वर्षी पॅरिसच्या लिओ टॅक्सिलला साक्षात्कार झाला. हा गृहस्थ आयुष्यभर पाद्र्यांची टिंगल करत आलेला. आता पश्चात्तापाचं सोंग घेऊन मेसन सैतानाला कसे पुजतात, हे छापू लागला. त्यात मगरीच्या रूपात येऊन पियानो वाजवणारा सैतानसुद्धा होता. (मगरीच्या त्या आखूड हातांनी?) लोकांनी मगर पियानोसकट गिळली. खुद्द पोप त्याला भेटलेही. १९ एप्रिल १८९७ रोजी भर सभेत त्यानं सांगून टाकलं, बारा वर्षं तुम्हाला बनवत होतो.

या मगरीमुळे टीकाकारांचं हसं झालं, पण त्यांचा खरा मुद्दा वेगळा होता. आपल्याकडच्या लॉजमध्ये टेबलावर गीता, कुराण, बायबल, पारशांचा अवेस्ता शेजारी शेजारी असतात. ज्यानं त्यानं आपापल्या ग्रंथावर शपथ घ्यायची. देव्हाऱ्यात खंडोबाशेजारी साईबाबांची तसबीर ठेवणाऱ्या आम्हाला यात काही खटकत नाही. पण ख्रिस्त हाच एक मार्ग, असं मनापासून मानणाऱ्याला ते टेबल टोचणारच. त्याला नुसतं भाबडा म्हणून मोडीत काढणं मला पटत नाही. शिवाय जुन्या शपथेत गळा चिरण्याची भाषा होती. इंग्लंडच्या लॉजनी ती वगळली १९८६ मध्ये! ती ऐकून बाहेरच्यानं दचकू नये तर काय करावं? कॅथलिकांची मनाई मात्र उठली नाही. २०२३ मध्ये व्हॅटिकननं ती पुन्हा सांगितली.

मेसन लोकांच्या लेखी गुण्या म्हणजे सरळ वागणं, कंपास म्हणजे मनाला घातलेलं रिंगण. आमच्याकडचा गुण्या अजून नवाकोरा आहे. कंपासानं बाकावर नाव कोरल्याबद्दल बाईंची चिठ्ठी आलीय, उद्या शाळेत जायचंय.