अण्णांची पोटरी

साताऱ्यात राजवाड्यावरून पोवई नाक्याला चालत निघालं की अण्णांच्या पोटरीत गोळा यायचा, दोन मिनिटं थांबलं की बरं, परत चाललं की परत तेच. आम्ही वर्षभर वाताचं तेल चोळत बसलो, याचं अजून वाईट वाटतं. डॉक्टरांनी घोट्याचं आणि दंडाचं बीपी मोजलं, घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागलं तर उत्तर ०.९ च्या खाली, म्हणजे पायाची रक्तवाहिनी अरुंद झालेली. विडी बंद, गोळ्या, रोजचं चालणं, तरी फरक नाही म्हणून मग अँजिओप्लास्टी केली, जांघेत बारीक भोक पाडून तार आत घालतात आणि फुगा फुगवून वाट मोकळी करतात, अण्णा तर जागेच होते! या उपचाराची सुरुवात १९६४ साली अमेरिकेत झाली, डॉक्टर चार्ल्स डॉटरनी फुगा नसताना नुसत्या नळ्या रक्तवाहिनीत सरकवून ८२ वर्षांच्या आजींचा पाय वाचवलेला. शुगर किंवा तंबाखू असेल तर प्लीज लवकर दाखवा. परवा अण्णा न थांबता नाक्यापर्यंत गेले.