वरची दाढ आणि रात्रीची सोंड

गेल्या महिन्यात माझी वरची डावीकडची दाढ काढली. काढली म्हणजे कापूनच काढली, जुनं रूट कॅनल झालेलं, वरची कॅप कधीच निघून गेलेली आणि आत वाकड्या मुळांचा नुसता खुंट. पाऊण तास खुर्चीत आ वासून बसले. सांगायचंय ते त्यानंतरचं.

टाके घालून झाले, डॉक्टर गोळ्या लिहून देत होते आणि मी तोंडात बोळा घेऊन कसंबसं विचारलं की ह्यातल्या कुठल्या गोळीनं गुंगी येते का, कारण मी रात्री सीपॅप लावते, म्हणजे झोपेत मास्कमधून दाबानं हवा सोडणारं मशीन. त्यांनी पेन खालीच ठेवलं. "अहो ताई, हे आधी सांगायचं नाही का?" आता काय बोलणार, फॉर्मवर बीपी, शुगर, थायरॉइड, ॲलर्जी सगळ्याचे रकाने होते, मी सगळे इमानदारीत भरले. मशीनचा रकानाच नव्हता. आणि मला तरी कुठं माहीत होतं की घोरण्याच्या मशीनचा दाढेशी संबंध असतो?

मला स्लीप ॲपनिया आहे, चार वर्षं झाली. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, वाट मिटते, दहा-दहा सेकंद आणि कधी त्याहून जास्त श्वासच थांबतो. तासाला पाचच्या आत असं झालं तर नॉर्मल, तीसच्या वर गेलं की सिव्हिअर, आणि माझा आकडा होता ३४. त्याआधी दोन वर्षं पतसंस्थेत दुपारी कॅश मोजता मोजता डुलक्या लागायच्या, तर सगळे म्हणायचे वय झालं, मेनोपॉज असेल. बाई घोरते हे कुणी मनावरच घेत नाही. मशीन आल्यावर सासूबाईंनी माझा मास्क आणि लांब नळी बघितली आणि "गणपतीची सोंडच की गं ही" म्हणाल्या. आम्ही सांगलीकर, घरातली प्रत्येक गोष्ट शेवटी गणपतीवर येतेच. तेव्हापासून आमच्याकडे त्याला सोंडच म्हणतात.

तर दाढेचं. वरच्या मागच्या दाढांची मुळं गालामागच्या हाडातल्या पोकळीच्या, म्हणजे सायनसच्या तळाला टेकलेली असतात, काहींची तर आत डोकावतात. दाढ निघाली की मध्ये उरतो पातळ पापुद्रा, आणि माझा बहुतेक फाटला होता, म्हणून त्यांनी टाके जरा जास्तच घट्ट घातले होते. सायनस नाकाला जोडलेला. आणि त्याच नाकात मी रात्रभर साधारण ११ प्रेशरची (सेंटिमीटर पाण्याच्या मापात) हवा सोडणार! जखमेतली रक्ताची गुठळी सरकू शकते, भोक बुजायचं राहू शकतं, हवा गालाच्या कातडीखाली पण शिरू शकते. म्हणून नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची, स्ट्रॉ नाही, पचकन थुंकायचं नाही. पाणी पिताना नाकातून आलं तर लगेच फोन करायचा.

मी म्हटलं, माझ्याकडे नाकापुरता छोटा मास्क पण आहे, तो लावू का? इथंच माझा घोळ होता आणि मला वाटतं बऱ्याच जणांचा होत असेल. मास्क बदलला की गालावरचा दाब बदलतो, पण आतल्या हवेचा दाब तोच राहतो. खालची दाढ काढली असती तर मुख्य भानगड पट्ट्यांचीच, सुजलेल्या जबड्यावर पट्टा काचतो, तोंडातून हवा गळून टाके कोरडे पडतात, तिथं मास्क बदलून भागतं. वरच्या दाढेला नाकाचा मास्क काय आणि तोंडनाक झाकणारा काय, हवा जाणार तिथंच.

मग माझी दलाली सुरू. दातांचे डॉक्टर म्हणाले मशीन बंद ठेवा, आणि माझे मिरजेचे छातीचे डॉक्टर म्हणाले ३४ वाल्या बाईनं असं सरसकट बंद करून चालत नाही, किती दिवस ते विचारा. दोघांच्या मध्ये मी, एका गालावर बर्फ आणि दुसऱ्या कानाला फोन. तिसऱ्या फोनला मी सरळ म्हटलं, तुम्ही दोघंच बोला बाबांनो, माझं तोंड उघडत नाहीये. पाच मिनिटांत मिटलं. दहा दिवस मशीन बंद, झोपेची किंवा गुंगीची कुठलीही गोळी नाही, साध्या पॅरासिटामॉलवर भागवायचं, उताणं झोपायचं नाही, पाठीमागं उशांचा ढीग करून अर्धं बसून, मान उजवीकडं. हे माझ्यापुरतं ठरलं हां, माझी दाढ आणि माझा आकडा बघून.

ते दहा दिवस आमच्या ह्यांनी काढले असंच म्हणायला पाहिजे. बिचारे रात्री उठून मला कोपरानं ढोसायचे, "अगं श्वास घे." तिसऱ्या दिवशी सूज एवढी की आरशात मी भोपळा. पेज, मऊ भात, ताक. दारात शहाळंवाला आला तर ते पण पेल्यात ओतून. आणि घरात समोर भडंगाचा डबा! त्यातला एक दाणा जरी त्या खड्ड्यात गेला तर काय होईल ह्या भीतीनं डबा कपाटात कोंडला.

अकराव्या दिवशी जखम बघून परवानगी मिळाली. माझं मशीन दाब आपोआप कमीजास्त करतं, छातीच्या डॉक्टरांनी त्याची वरची मर्यादा १४ वरून १० वर आणली, ४ पासून हळूहळू चढायला वीस मिनिटांचा रॅम्प लावला. पण नेहमीचा मोठा मास्क बसेचना, डाव्या गालावर अजून सूज, त्यामुळं एका बाजूनं शिट्टी वाजायची, आणि पट्टा ओढला की ठणका. शेवटी नाकाचा मास्क कपाटातून बाहेर काढला, ह्यांच्या जुन्या मऊ पंच्याची पट्टी कापून गालाला लागतो तिथं घातली. पट्टे आडवं पडून, हवा चालू ठेवून जुळवायचे, बसून जुळवले की झोपल्यावर तोंडाचा आकारच बदलतो आणि सगळं परत गळतं. सूज उतरेल तसं दर दोन दिवसांनी परत हे सगळं. तोंड कोरडं पडू नये म्हणून हवा ओलसर करणारा ह्युमिडिफायर एक घर वाढवला, तर पहाटे थंडीनं नळीत पाणी साचून नाकावर थेंब, मग नळी गोधडीखाली घेतली. त्यात एका रात्री लाइट गेली. इन्व्हर्टरवर ह्युमिडिफायर बंद करून नुसती हवा चालू ठेवली, बॅटरी पुरली सकाळपर्यंत.

प्रेशर कमी असल्यानं मशीन लावूनचा तासाचा आकडा २ वरून ७ वर गेला होता. महिन्याच्या तपासणीत भोक बुजलेलं दिसलं, मग परत १४ आणि परत २. त्या संध्याकाळी भडंग खाल्लं, उजव्या बाजूनंच.

आता खालची उजवीकडची ठणकायला लागलीय. परवाची अपॉइंटमेंट घेतली आणि ह्यावेळी शहाणी होऊन फोनवरच सांगून टाकलं, मी रात्री सोंड लावते, डॉक्टरांना आधी सांगून ठेवा. पलीकडची मुलगी जरा वेळ गप्पच. मग म्हणाली, "काय लावता मॅडम?"