बारालाचा उतरताना हीटर गार पडतो तेव्हा

लेहला गाडी घेऊन जाणारे लोक निघण्यापूर्वी ब्रेक, टायर, क्लच, बॅटरी सगळं तपासून घेतात. हीटरचं बटण मात्र कोणी फिरवून बघत नाही. उष्ण प्रदेशात त्याची गरजच पडत नाही, म्हणून तो चालतो असं गृहीत धरलेलं असतं. आमची गाडी म्हणजे मित्राने जुनी घेतलेली डिझेल एसयूव्ही. सप्टेंबर संपत आला होता आणि मनालीहून सकाळी निघालो होतो.

अटल बोगद्यापर्यंत काहीच जाणवलं नाही. ९.०२ किलोमीटरचा हा बोगदा २०२० मध्ये खुला झाल्यापासून रोहतांगचा चढ चुकतो आणि थेट लाहौलमध्ये उतरता येतं. पलीकडे हवा बदलली आणि पहिल्यांदा हीटर लावला. कोमट वारा आला. डिझेल इंजिन तापायला वेळ लागतोच, म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. जिस्पाच्या मुक्कामानंतर दारचाच्या पुढचा चढ लागला तेव्हा हीटर बरा चालला, त्यामुळे शंका मिटल्यासारखी झाली.

खरा प्रकार बारालाचा ला (इकडे ‘ला’ म्हणजे खिंड) ओलांडल्यावर कळला. खिंड ४,८०० मीटरच्या वर आहे, तिथून रस्ता सरचूकडे उतरतो. उतार सुरू झाला, पाय ॲक्सिलरेटरवरून निघाला आणि हीटरमधून सरळ गार वारा यायला लागला. काचेवर आतून धुकं धरलं. मी तापमानाच्या काट्याकडे पाहिलं तर तो तळाशी टेकलेला.

हा काटा बघणं सगळ्यात महत्त्वाचं. हीटर स्वतः उष्णता तयार करत नाही. इंजिनात तापलेलं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, डॅशबोर्डच्या आतल्या एका छोट्या रेडिएटरमधून फिरतं, त्याला हीटर कोअर म्हणतात, आणि ब्लोअर त्यावरून हवा ढकलतो. काटा मधोमध असूनही वारा गार असेल तर इंजिन ठीक आहे, उष्णता कोअरपर्यंत पोचत नाही किंवा केबिनमध्ये येत नाही. काटाच खाली पडला असेल तर इंजिनच तापत नाहीये. काटा वरखाली नाचत असेल, मध्येच चढत असेल आणि वारा गार असेल, तर बहुधा कूलंट कमी झालंय. तेव्हा गाडी थांबवा. बऱ्याच गाड्यांत कोअर उंचावर असतो, त्यामुळे पातळी उतरली की आधी हीटर उपाशी राहतो. डॅशबोर्डच्या आतून पाणी खळखळल्यासारखा आवाज आला तर कोअरमध्ये हवा अडकली आहे असं समजा.

सरचूला सपाट जागा बघून बॉनेट उघडलं. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून दोन रबरी पाइप आत जातात, ते हीटरचे. पंखा आणि बेल्टपासून हात लांब ठेवून ते चाचपले. दोन्ही चांगले गरम असते तर आतला गरम-गार करणारा पडदा किंवा त्याची केबल अडकली आहे असं निघालं असतं. एक गरम आणि एक गार म्हणजे कोअर तुंबलाय, हवा अडकलीय किंवा हीटरचा वॉल्व्ह बंद आहे. आमचे दोन्ही कोमट होते. रेडिएटरचा वरचा होसही तेवढाच कोमट. इंजिन गार असताना तो होस गारच असायला हवा, कारण थर्मोस्टॅट, म्हणजे तापमानानुसार उघडणारा वॉल्व्ह, तेव्हा बंद असतो आणि कूलंटला रेडिएटरकडे जाऊ देत नाही. इथे सगळं कूलंट पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरत होतं. चढावर इंजिन जोरात राबतं म्हणून थोडी ऊब उरायची, उतारावर इंधन जवळजवळ जळत नाही आणि समोरून बोचरा वारा, म्हणून सगळं थंड.

रेडिएटरची टोपी मात्र आम्ही तेव्हा उघडली नाही. बारालाचाच्या उंचीवर साधं पाणी साधारण ८४ अंशांनाच उकळतं. टोपीने धरलेला दाब हाच काय तो आधार असतो आणि कोमट वाटणाऱ्या इंजिनातूनही वाफ उसळू शकते. पातळी बाहेरच्या बाटलीत बघितली, ती जागेवर होती.

तात्पुरता उपाय जुनाच: पुठ्ठा. रेडिएटरसमोर खालच्या अर्ध्या भागात पुठ्ठा अडकवला, पंख्याकडून नव्हे तर पुढून. गाटा लूप्सची एकवीस वळणं चढताना मात्र तो काढून ठेवला आणि लाचुंग ला उतरताना परत लावला. चढावर पुठ्ठा विसरलात तर इंजिन तापून बसेल. काट्यावर एका माणसाने नजर ठेवायची, आणि तो माणूस चालक नसलेला बरा.

लेहच्या मेकॅनिकने थर्मोस्टॅटचं घर उघडलं तर आत काहीच नव्हतं! आधीच्या कुणीतरी, गाडी तापते या तक्रारीवर, वॉल्व्ह काढूनच टाकला होता. उष्ण भागात हा इलाज सर्रास चालतो आणि माझ्या मते तो इलाज नाहीच. मूळ दुखणं, म्हणजे तुंबलेला रेडिएटर किंवा मेलेला पंखा, तसंच राहतं. इंजिन कायम गार चालतं, इंधन जास्त पितं, आणि टंडीच्या पंपानंतर लांबवर इंधन न मिळणाऱ्या रस्त्यावर तेही नडतं.

नवा वॉल्व्ह बसला, छोटी हालती पिन वरच्या बाजूला ठेवून, म्हणजे अडकलेली हवा तिथून निघते. लाल पडलेलं जुनं पाणी काढून निम्मं कूलंट आणि निम्मं शुद्ध पाणी भरलं. हे मिश्रण उणे ३५ अंशांच्या आसपासपर्यंत गोठत नाही. साधं पाणी भरलेली गाडी सरचूला रात्रभर उभी ठेवणं म्हणजे ब्लॉक फुटण्याला आमंत्रण.

हवा काढण्यातच जास्त वेळ गेला. गाडीचं तोंड चढाकडे, हीटर पूर्ण गरमवर, इंजिन गार असताना टोपी उघडून सुरू करायचं आणि होस दाबत राहायचं. पण लेहमध्ये पाणी ८८ अंशांच्या आसपास उकळतं, त्यामुळे वॉल्व्ह उघडेपर्यंत टोपी उघडी ठेवली तर कूलंट उतू जातं. मेकॅनिकने इंजिन कोमट होताच टोपी लावली, गाडी फिरवून आणायला सांगितलं, पूर्ण गार झाल्यावर पातळी पुन्हा भरली. दुसऱ्या फेरीनंतर खळखळ थांबली. परतताना टांगलांग ला उतरतानाही वारा गरम होता.

आम्हाला सुटा भाग लेहमध्ये मिळाला, तुमच्या मॉडेलचा मिळेलच असं नाही. थर्मोस्टॅट आणि त्याची रबरी रिंग मुठीत मावते, सोबत ठेवा. एक-दोन लिटर कूलंट आणि दोन-चार होस क्लिपाही घ्या. पायाजवळचा गालिचा ओला, काचेवर चिकट थर आणि गोडसर वास असेल तर कोअर गळतोय. तो बदलायला बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्ड उतरवावा लागतो, वाटेत नाद करू नका. दोन्ही पाइप एकमेकांना जोडून कोअर वगळा आणि अंगावर कपडे चढवा. ऊब हवी म्हणून बंद गाडीत इंजिन चालू ठेवून झोपू मात्र नका, कार्बन मोनॉक्साइडचा वास येत नाही.

घरी करायची तपासणी सोपी आहे. सकाळी गार गाडी सुरू करा आणि रेडिएटरच्या वरच्या होसला अधूनमधून हात लावा. काटा मध्याजवळ येईपर्यंत तो गार राहून मग झटकन तापला तर थर्मोस्टॅट ठीक. सुरुवातीपासून हळूहळू कोमट होत गेला, तर निघण्याआधी मेकॅनिकला थर्मोस्टॅटचं घर उघडून बघायला सांगा.