लोणी, थंडी आणि आपली खारी

पुण्यात सुट्टीला आल्यापासून सोसायटीतल्या काकूंपासून ते कॉलेजच्या मैत्रिणींपर्यंत सगळ्यांनी एकच विचारलंय, की फ्रान्समध्ये नक्की शिकतेस काय, केकच ना, मग ते तर कोथरूडच्या क्लासमध्ये पण शिकवतात की. कोणी टोमणा मारत नाहीये, लोकांना खरंच जाणून घ्यायचं असतं, पण लिफ्टपाशी उभं राहून दोन मिनिटांत सांगण्यासारखं हे नाही म्हणून इथे सगळं लिहून काढतेय.

मी फ्रान्समधल्या लियाँ शहरात सीएपी पाटिस्येर, म्हणजे केक-पेस्ट्री करणाऱ्याचा कोर्स, करतेय. हा तिकडचा सरकारी व्यावसायिक डिप्लोमा, तो हातात असला की गल्लीतल्या कुठल्याही पाटिस्रीत, म्हणजे केक-पेस्ट्रीच्या दुकानात, कामाला उभं राहता येतं. फ्रेंच मुलं पंधरा-सोळाव्या वर्षीच याला लागतात, आणि माझ्यासारखे डिग्री, नोकरी सगळं करून मग वळलेलेही खूप असतात. शेवटी दोन मोठी प्रॅक्टिकल्स, एक साडेपाच तासांचं, एक पाच तासांचं. त्यात क्रोसाँ (लोण्याच्या पदरांचा चंद्रकोरीसारखा पाव), टार्ट, बिस्किटं, शू (आतून पोकळ फुगणारी पेस्ट्री), आंत्रमे (थरांचा मोठा केक), जे चिठ्ठीवर येईल ते वेळेत आणि स्वच्छ करून दाखवायचं. स्वच्छ म्हणजे खरोखर स्वच्छ, परीक्षक तुमचं टेबल आणि ॲप्रन पण बघतात. क्रेम पाटिस्येर, म्हणजे दूध-अंड्यांचं घट्ट क्रीम, शिजवलं की दोन तासांच्या आत १० अंशांच्या खाली आणायचंच, नाहीतर ते फेकायचं, मग चव कितीही भारी असू दे.

दिवस लवकर सुरू होतो. स्टाजच्या काळात, म्हणजे दुकानात प्रत्यक्ष काम करायच्या आठवड्यांत, मेट्रो सुरू व्हायच्या आधी पोचायचं असतं म्हणून मी वेलोव्हची भाड्याची सायकल काढते आणि रोन नदीवरचा पूल ओलांडून जाते, हिवाळ्यात तर हातमोज्यांतूनही बोटं बधिर होतात. आत गेलं की बोलणं कमी, काम जास्त. शेफने काही सांगितलं की 'वी शेफ', म्हणजे 'हो शेफ', गरम ट्रे घेऊन कुणाच्या मागून जायचं तर 'शो देरिएर', म्हणजे 'मागे गरम आहे', असं ओरडायचं. आणि सगळं ग्रॅममध्ये, दूध ग्रॅममध्ये, अंडंसुद्धा ग्रॅममध्ये. बलक साधारण २०, पांढरं ३०, असा हिशोब डोक्यात पक्का बसतो. आता आई 'दोन अंडी घाल' म्हणाली की माझा हात आपोआप वजनकाट्याकडे जातो.

पण मला विचाराल तर या सगळ्या शिक्षणाचा गाभा एकच आहे, थंडी. आणि ती सगळ्यात जास्त कळते ती पदर सोडवायला शिकताना, ज्याला तिकडे टुराज म्हणतात.

कणकेचा गोळा, देत्राँप, आदल्या दिवशी मळून फ्रीजमध्ये. लोण्याची लादी दोन कागदांमध्ये ठेवून लाटण्याने बडवायची, चौकोनी करायची. ती वाकवली तर वाकली पाहिजे, तुटायला नको आणि बोटाला चिकटायला पण नको. कणीक आणि लोणी दोन्ही सारखेच कडक हवेत ही खरी मेख आहे, कारण लोणी जास्त कडक असेल तर आत त्याचे तुकडे होतात, मऊ असेल तर ते कणकेत मुरतं आणि मग पदरच राहत नाहीत, ब्रेड होतो. लोणी आत घालून लाटायचं, तीन घड्या घालायच्या, काटकोनात फिरवायचं, परत फ्रीज. अशा किती घड्या झाल्या ते विसरू नये म्हणून कणकेवर बोटांची टोकं दाबून ठेवतात, एका घडीला एक खूण, दोनला दोन. क्रोसाँला अशा तीन वेळा, म्हणजे लोण्याचे २७ थर. खऱ्या फेयताजला, म्हणजे पफ पेस्ट्रीला, सहा वेळा, म्हणजे ७२९. ओव्हनमध्ये गेल्यावर लोण्यातल्या आणि कणकेतल्या पाण्याची वाफ होते, लोणी थरांना एकमेकांपासून लांब ठेवतं आणि वाफ त्यांना वर उचलते. बाकी जादू काही नाही, पण पहिल्यांदा ओव्हनच्या काचेतून ते फुगताना बघितलं तेव्हा मला भरून आलं होतं.

लोणीसुद्धा साधं नाही. तिकडच्या साध्या बिनमिठाच्या लोण्यात किमान ८२ टक्के फॅट असतं, टुराजसाठी वेगळं मिळतं ते ८४ टक्क्यांचं, पाणी कमी, जरा उशिरा मऊ होणारं. आपल्याकडच्या बटरला किमान ८० टक्के चालतं, वर मीठ. दोन-चार टक्क्यांनी काय होतं असं वाटेल, पण लाटताना हाताला लगेच कळतं.

आता हे सगळं घेऊन मी मे महिन्यात पुण्यात आले. बाहेर चाळिशीला टेकलेलं ऊन, ओट्याचा ग्रॅनाईट हाताला कोमट लागतो, आणि लोणी तर तिशी ओलांडली की वितळायलाच लागतं. लियाँच्या लाबोमध्ये, म्हणजे तिथल्या कामाच्या किचनमध्ये, जे शिकवलं ते या ओट्यावर दुपारी चार वाजता होऊच शकत नाही, त्यात कुणाच्या कौशल्याचा प्रश्नच नाही. आणि तेव्हा मला कसब्यातल्या आमच्या नेहमीच्या बेकरीतले काका आठवले. ते इतकी वर्षं भट्टीसमोर उभे राहून, एसी नाही, संगमरवर नाही, लाटायचं मशीन नाही, रोज खारी करतात. खारी म्हणजे दुसरं काय आहे? पदर, घड्या, वाफ, तेच सगळं.

लहानपणापासून तिथली खारी आणतोय पण आत कधी डोकावले नव्हते. या वेळी गेले आणि विचारलं, काका, बघू का. ते म्हणाले, "बघ की, पण पहाटे यावं लागेल. उन्हाळ्यात आम्ही तीनलाच लाटायला घेतो, नंतर माल ऐकत नाही." गेले. मोठं लाकडी टेबल, पिठाच्या पाण्यात बर्फ, आणि लोण्याच्या जागी पफचं मार्गरिन, म्हणजे तेलापासून केलेलं नकली लोणी, पिवळसर, मेणासारखं घट्ट, जे पुण्याच्या उन्हाळ्यातही थरांमध्ये टिकून राहतं. काका मनगटाने नाही, अख्ख्या खांद्याने लाटतात. घडी घालायच्या आधी वरचं कोरडं पीठ ब्रशने झटकतात, अगदी माझे शेफ झटकायला लावतात तसंच. मी विचारलं हे कुणी शिकवलं, तर म्हणाले, "कुणी नाही, पीठ राहिलं की पदर सुटा होऊन पडतो, दिसतं ना."

मी खूप वेळ तिथे उभी होते. मार्गरिन म्हणजे स्वस्तातला पर्याय एवढंच मी आजवर समजत होते, आणि स्वस्त ते आहेच, पण या हवेत हाताने पदर काढायचे तर त्याच्याशिवाय हे काम उभंच राहणार नाही. त्याची दुसरी बाजूही आहे. मार्गरिन तोंडात नीट वितळत नाही, टाळूला एक थर चिकटून राहतो, लोण्याची चव त्याला नाही ती नाहीच. पण आपण खारी कोरडी खातो कुठे? कढत चहात बुडवतो, आणि चहाच्या उष्णतेने तोच थर वितळतो. म्हणजे हवा, स्निग्ध पदार्थ आणि खायची पद्धत सगळं एकमेकांना धरून आहे. शिवाय काका खारी फुगल्यावर बाहेर काढत नाहीत, उतरत्या भट्टीत आतपर्यंत वाळू देतात, म्हणून ती डब्यात कितीतरी दिवस टिकते, क्रोसाँ संध्याकाळपर्यंत मऊ पडतो.

आणि क्रोसाँ तरी मूळचा फ्रेंच कुठे आहे, तो व्हिएन्नाहून आला. ऑगस्ट झांग नावाच्या ऑस्ट्रियन माणसाने १८३०च्या दशकाच्या शेवटी पॅरिसमध्ये व्हिएन्ना पद्धतीची बेकरी उघडली तिथून त्याची सुरुवात, लोण्याचे पदर त्याला नंतर मिळाले. कारागिरी अशी फिरत फिरत जिथे पोचते तिथल्या हवेप्रमाणे बदलते, त्यामुळे काकांच्या खारीला कमी लेखायचं मला काही कारण दिसत नाही. लियाँमध्ये तर मला संक्रांतीचा हलवासुद्धा भेटला! तिकडे गुलाबी साखरेचे थर चढवलेले बदाम असतात, प्रालीन रोझ, अगदी आपल्या काटेरी हलव्यासारखे, ते क्रीममध्ये वितळवून लालभडक टार्ट करतात.

ज्यांना पुण्यातून जायचंय त्यांच्यासाठी थोडं कामाचं. फ्रेंच नीट शिकून जा, अलियाँस फ्रान्सेजमध्ये असो किंवा कुठेही, कारण परीक्षा फ्रेंचमध्ये आणि शेफ कुणासाठी सावकाश बोलत नाहीत. व्हिसासाठी महिना किमान ६१५ युरो दाखवावे लागतात, पण मोठ्या शहरात तेवढ्यात भागेल असं धरून चालू नका. विद्यार्थ्याला वर्षाला ९६४ तास नोकरी करता येते. पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत व्हिसा ऑनलाईन व्हॅलिडेट करायचा, ते अजिबात पुढे ढकलू नका. आणि शाकाहारी घरातून जात असाल तर जिलेटिनचं आधीच घरी बोलून घ्या. मूस, बाव्हारुआ अशी क्रीमची गोडं, केकवरचं चकचकीत ग्लेझ, सगळीकडे ते असतं, बऱ्याचदा डुकराचं असतं, आणि चव घेतल्याशिवाय हे काम शिकता येत नाही. आमच्या घरी आजीशी हे बोलायला वेळ लागला, पण तिने समजून घेतलं याचा मला फार आधार वाटतो.

परत जाईपर्यंत मी रोज पहाटे काकांकडे जाणार आहे. त्यांना मी खऱ्या लोण्याच्या खारीचं विचारलं, तर म्हणाले भाव परवडला तर डिसेंबरात एक ट्रे करून बघू, तेव्हा पहाटेची थंडी पुरते. मी कणीक किती अंशांवर हवी, लोणी किती अंशांवर, कुठल्या घडीनंतर किती वेळ थांबायचं, सगळं मराठीत लिहून देतेय. त्यांनी अट घातलीय की त्या बदल्यात हाताने लाटायचं मी त्यांच्याकडून पूर्ण शिकायचं, मशीनचं नाव काढायचं नाही.