दूध संकलनाचं अ‍ॅप उन्हात वाचता यावं म्हणून काय काय बदललं

संकलन केंद्रावर अ‍ॅप उघडतात ते ओट्यावर, सकाळच्या तिरप्या उन्हात. लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), दर, रक्कम एवढंच वाचायचं असतं, पण आमच्या अँड्रॉइड अ‍ॅपमध्ये मथळे फिकट राखाडी होते. पांढऱ्यावर #९९९९९९ (त्या राखाडीचा रंगकोड) म्हणजे अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं गुणोत्तर २.८५:१. डब्ल्यूसीएजी म्हणजे वेब मजकूर सर्वांना वापरता यावा यासाठीचे आंतरराष्ट्रीय निकष. त्यांच्या ‘एए’ पातळीला साध्या मजकुरासाठी ४.५:१ लागतं, मोठ्या अक्षरांना (१८ पॉइंट, किंवा ठळक असल्यास १४) ३:१ चालतं. पांढऱ्यावर #७६७६७६ जेमतेम पास होतो, ४.५४ ने.

आम्ही मथळ्यांसाठी #६१६१६१ घेतला, म्हणजे ६.१९. एवढं कशाला? सूत्रात दोन्ही रंगांच्या तेजस्वितेत ०.०५ मिळवून भागाकार करतात, ते ०.०५ म्हणजे काचेवरून परतणारा प्रकाश. उन्हात तो कितीतरी जास्त असतो. त्याजागी ०.२५ घालून पाहा, ६.१९ चे ३.४ होतात. म्हणून रक्कम आणि लिटर हे आकडे सरळ काळे ठेवले.

मोजताना हमखास फसतं ते पारदर्शकतेत. ५४ टक्के काळा पांढऱ्यावर ४.६ देतो, पण तोच राखाडी कार्डावर (लाल, हिरवा, निळा तिन्ही २३८) ४.४६ वर घसरतो. एकच स्टाइल, एका स्क्रीनवर पास, दुसरीवर नापास. पारदर्शकता काढून पक्के रंग लिहिले की ही कटकट संपते. स्क्रीनशॉटवरून रंग उचलताना अक्षराच्या कडेचा पिक्सेल घेऊ नका. तो मऊ केलेला, फिकट असतो. रंग कोडमधूनच घ्यावा. गूगलचं ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी स्कॅनर’ हे स्क्रीन तपासून देणारं अ‍ॅप ढोबळ चाळणीला उत्तम, पण फोटोवरच्या मजकुराबद्दल त्याच्यावर विसंबू नये.

हिरवं बटण (७६, १७५, ८०) आणि त्यावर पांढरी अक्षरं ही जोडी सगळीकडे दिसते. गुणोत्तर फक्त २.७८. (४६, १२५, ५०) केलं की ५.१३. हिरवं ते हिरवंच राहतं, त्यामुळे डिझायनरही फार कुरकुरत नाही. रकान्यांच्या चौकटींना ३:१ हवं, ही अट २०१८ च्या २.१ आवृत्तीत आली. कमी फॅट लाल आणि जास्त हिरवा एवढ्यावर भागत नाही. लाल-हिरव्यातला फरक न कळणाऱ्यांसाठी बाण आणि ‘कमी’ हा शब्द दोन्ही जोडले. फोनच्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये रंगांधत्वाचं सिम्युलेशन आहे, तिथे अर्ध्या मिनिटात तपासून होतं.

आता मराठीचं. गुणोत्तराला रेषेची जाडी कळत नाही. ‘लाइट’ वजनाचा देवनागरी फॉन्ट कागदावर पास होतो आणि फोनवर ‘पैसे’चे दोन मात्रे एकमेकांत मिसळतात. मजकुराला ‘रेग्युलर’, आकड्यांना ‘मीडियम’, आणि १६ एसपीखाली (एसपी म्हणजे फोनच्या फॉन्ट-सेटिंगप्रमाणे बदलणारं अक्षरांचं माप) काही नाही, असं ठरवलं. गूगलच्या ‘मटेरियल’ या डिझाइन-संचातल्या तयार स्टाइलमधून अक्षरांमधलं अंतर चोरपावलांनी येतं आणि शिरोरेषा तुटते. ते शून्य करा. ओळीची उंची १६ एसपीला २४ ठेवली. सर्वात जास्त त्रास दिला तो डीपीमध्ये (फॉन्ट वाढवला तरी न बदलणारं माप) बांधलेल्या उंचीने: फोनवर फॉन्ट मोठा केला की ‘दूध’चा ऊकार खालून आणि ‘वर्षे’चा रफार वरून छाटला जातो. पक्की उंची काढून किमान ४८ डीपी दिली, बाकी मजकुराप्रमाणे वाढू द्यायचं. अँड्रॉइड १४ पासून फॉन्ट २०० टक्क्यांपर्यंत जातो, तेव्हा चाचणीही तिथपर्यंत हवी. ‘रक्कम’ आणि आकडा एका ओळीत मावेनात, तर आकडा खाली उतरवला.

बंद बटणाला गुणोत्तराची अट लागू नाही, म्हणून ते सगळीकडे इतकं फिकट सापडतं की आहे की नाही कळत नाही. आम्ही ‘जतन करा’ बंद ठेवणंच सोडून दिलं. दाबलं की राहिलेल्या रकान्याखाली ‘फॅट भरा’ असं येतं.